हळदीच्या कागदावरची शाई

प्रिय आत्या,

उन्हाळ्यापासून मी तुझ्याशी बोलत नव्हतो. तुझ्या हातचा चहा प्यायचो, तुझ्याकडे न बघता कप खाली ठेवायचो आणि निघून जायचो. हे तुला ठाऊक होतं, अण्णांना ठाऊक होतं, आईला तर फारच ठाऊक होतं. आणि आपलं भांडण असं अर्ध्यावर असताना तू उठून गेलीस! मी कॉलेज अर्ध्यात सोडून आलो तेव्हा किती बोलली होतीस मला. आता तुला कोणी बोलायचं?

मीच बोलतो.

तेरावा होऊन गेला. आज त्यानंतरचा पहिला रविवार. सकाळी मागच्या दाराशी कुजबुज ऐकू आली म्हणून उघडून बघितलं, तर तुझ्या चित्रांच्या वर्गातली सगळी पोरं पायरीवर बसलेली. दौती हातात, कागद काखेत, बाभळीच्या काड्या दातात. वर्ग बंद झाला हे त्यांच्या घरी सांगून झालं होतं. तरी आली. आणि त्यांच्या मागे, हापशाजवळ, शालू उभी होती. पोरं गेल्यावर तिनं मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकून मी कयाधू नदीच्या पुलापर्यंत तरातरा चालत गेलो, तसाच परत आलो, आणि दिवसभराची भांडणं उरकून आता रात्री हे लिहायला बसलोय. काय सांगितलं ते येईलच. आधी माझा राग ऐकून घे. जिवंत होतीस तेव्हा ऐकला नाहीस.

तू गेलीस त्या दुपारी मी डोंगरकडा गावात होतो. बी-बियाण्याच्या एका दुकानाची पाटी रंगवत होतो. कंडक्टरजवळ निरोप आला, 'आत्याचं बरं न्हाई, लगेच या.' बरं नाही! डाळ निवडता निवडता तू सुपावर कलंडलीस आणि संपलीस, आणि हे मला सांगतात बरं नाही. मी ब्रश तसाच डब्यात टाकून निघालो. घरी पोचलो तर बायका तुझ्या हातांना लिंबू घासून राहिल्या होत्या.

नखातली शाई काढायची म्हणे. "काळ्या हातानं कशी धाडायची बाईला?" काकू म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, राहू द्या ते हात, तिचेच आहेत ते. सगळ्यांना वाटलं पोरगं दुःखानं बेभान झालंय. दुःख होतंच गं, पण तेव्हा मी खरोखर चिडलो होतो. लिंबानं हिराकसाची शाई फिकी पडते हे आम्हाला तूच दाखवलं होतंस. सगळा कागद काळा करायचा, वाळू द्यायचा आणि मग लिंबाच्या रसात काडी बुडवून त्यावर चांदणं काढायचं. पहिल्यांदा ते उमटलं तेव्हा वर्गातली छोटी बेबी टाळ्या पिटत उड्या मारायला लागली होती. तेच लिंबू घेऊन तुला पुसत होते सगळे.

आणि तेराव्याला? एकेक पाहुणा जेवून हात धुवायचा आणि तुझ्या पापडांची तारीफ करायचा. ज्वारीचे पापड असे, कुरडया तशा. बिचारी. भावाच्या घरी राहिली पण तकलीफ दिली नाही कुणाला. मी वाट बघत होतो, कुणीतरी एकदा शाई म्हणेल. शेवटी परभणीचे तुझे दीर म्हणाले, पोरांना चित्रं काढायला शिकवायची म्हणे, चांगलं, वेळ जायचा तिचा. वेळ जायचा! मी हातातलं ताट तिथेच आपटलं. अण्णांनी मला दंडाला धरून अंगणात नेलं. पण यात चूक कुणाची, सांग? तूच तर कधी कुणाला सांगितलं नाहीस की हे काय चाललंय. कुणी विचारलं की तू पदर तोंडाशी नेऊन हसायचीस आणि म्हणायचीस, आमचं आपलं असंच.

असंच कसं? तुझे सासरे निजामाच्या काळात कचेरीत नक्कलनवीस होते. बोरू कसा तासायचा, काजळी कशी धरायची, डिंक कुठल्या झाडाचा, हे तू त्या घरात लहान सून म्हणून शिकलीस. घरधनी गेल्यावर हिंगोलीला भावाकडे आलीस ती एका पेटीत लुगडी आणि दुसऱ्या पेटीत दौती घेऊन. पण सासऱ्यांसारखी अक्षरं काढत बसली नाहीस. अक्षर कसं दिसावं ते आधीच ठरलेलं असतं, त्यात माझं काय, असं तू मला एकदा म्हणाली होतीस. तुला बघायचं होतं की शाईला मोकळी सोडली तर ती काय करते.

मला आठवतंय मी नांदेडहून परत आलो तो दिवस. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी माझं जर्नल प्रयोगशाळेच्या दारातून बाहेर फेकलं होतं. जास्वंदीच्या आकृतीत मी तुझ्या पोरांचं बघून शाई फुंकून पराग उडवले होते, एवढाच गुन्हा. मी जर्नल उचललं नाही. तसाच स्टँडवर गेलो आणि हिंगोलीच्या एसटीत बसलो. अण्णांनी जेवायला वाढू नका म्हणून सांगितलं. तू आधी चिक्कार बोललीस आणि मग मला मागच्या खोलीत नेऊन पुढ्यात कागद ठेवलास.

मी म्हणालो, शाई दे. तू तांब्या पुढे केलास.

"पयल्या दिवशी शाई न्हाई. पाणी."

कागद दोन्ही बाजूंनी ओला करायचा, पाटावर चिकटवायचा, पाण्याची चकाकी जाईपर्यंत थांबायचं आणि मग नुसतं बघत बसायचं, कुठला भाग लवकर वाळतो, कुठं फुगवटा येतो. मी दहा वेळा उठलो. तू दहा वेळा बसवलंस. संध्याकाळी काडीच्या टोकानं एकच थेंब टाकू दिलास. तो थेंब असा पसरत गेला, कडेला केसासारखी मुळं फुटत गेली, आणि मी दिवसभरात पहिल्यांदा गप्प झालो. तू म्हणालीस, "झालं. आता हात लावू नगंस त्याला."

हात लावू नको. हेच तुझं सगळ्याला उत्तर!

नंतर मीच तुझा वर्ग झाडायला लागलो, शाई घोटायला लागलो. नवशिक्यांना महागाचा ब्रश द्यायचा नाही, हा तुझा नियम. बाभळीची काडी चावून तिचे तंतू मोकळे करायचे आणि तोच ब्रश. कागद म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ, साखरेच्या पुड्याचा तपकिरी कागद. कार्ट्रिज पेपर फक्त चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला. पपईच्या देठाची नळी करून थेंब फुंकायचा, म्हणजे त्याला फांद्या फुटतात. दोरा शाईत बुडवून दुमडलेल्या कागदात ठेवायचा, वरून तळहात दाबायचा आणि दोरा ओढून घ्यायचा. ओल्या शाईवर खडेमीठ टाकायचं, मीठ पाणी ओढतं आणि प्रत्येक खड्याभोवती पांढरी चांदणी उरते. मेणबत्तीनं आधी रेघा मारल्या तर शाई त्यांना बगल देऊन जाते. एखाद्या पोरानं विचारलं की बाई, हे कशाचं चित्र झालं, तर तू म्हणायचीस, "मला काहून इचारतो? त्यालाच इचार." आणि ते पोरगं खरंच कागद कानाला लावायचं.

दुष्काळाच्या सालात हापसा आटला तेव्हा सगळ्यांना वाटलं वर्ग बंद. तू ओले प्रयोग बंद केलेस आणि कोरडी काजळी चिंधीनं घासायला शिकवलीस. ब्रश धुतलेलं पाणी कुणी फेकलं तर पाठीत धपाटा. ते राखाडी पाणी बाटल्यांत साठवून त्यातूनच आभाळाचे सगळे रंग काढून घेतलेस. त्या साली आमच्या चित्रांत आभाळ भरलेलं असायचं, वर मात्र एक ढग नव्हता. मला तू तेव्हा फार आवडायचीस. हेही लिहून ठेवतो, नाहीतर म्हणशील नुसता चिडतच बसला.

आता शालूचं.

शालू वर्गात आली तेव्हापासून मला काय होत होतं ते तू बघत होतीस. तिच्या पाटाशेजारून जाताना माझ्या हातातली दौत हिंदकळायची. ती काडी चावायची तीसुद्धा मला बघवायची नाही. चित्र काढताना तिचं जगात कुणाकडे लक्ष नसायचं आणि मला वाटायचं, या कागदाच्या जागी आपण असतो तर! हसू नको. तू एकदा नुसतं म्हणालीस, "दिगू, मीठ सांडून राहिलास." त्याहून जास्त कधी बोलली नाहीस. बोलायला पाहिजे होतंस.

तिचे वडील भास्करराव मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम. तुला हळदीचा चुरा तेच द्यायचे, पोत्यांखाली उरलेला. त्या चुऱ्यातूनच तुला तो प्रयोग सुचला. हळद पाण्यात उकळून कागदाला फासायची, कागद सावलीत वाळवायचा आणि त्यावर चुन्याच्या निवळीनं काढायचं. काडी पाण्यासारख्या निवळीत बुडते, पिवळ्या कागदाला लागते आणि रेघ लालभडक उमटते. नुसती जादू! मग वरून काळी शाई सोडायची.

मी त्या कागदावर कयाधू काढली. मधे शाईचा पसरता पट्टा, कडेला वाळू, दूरवर पूल. आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र. काढताना कागद चारी कोपऱ्यांना धरला होता आणि माझी बोटं चुन्याची होती. कोपरे लाल झाले. मला वाटलं, वा, आपोआप चौकट झाली. चौघडी करून मी ते शालूच्या चित्रवहीत ठेवून दिलं.

पिवळा कागद, चौघडी घातलेला, चारी कोपरे लाल! बावीस वर्षांचा घोडा मी. शेकडो लग्नपत्रिका बघितल्या, कोपऱ्याला हळद-कुंकू लावलेल्या. डोक्यात आलं नाही. खरं सांगतो, त्या वेळी माझ्या डोळ्यांना फक्त शाई दिसत होती. आणि तुझ्याही डोक्यात कसं आलं नाही गं, असा कागद पोरांच्या हातात देताना?

वही उघडली ती तिच्या आजीनं, गिरजाआजीनं. वाचता येत नाही, पण कागद बघून काय ते ओळखलं. कुणाची तरी लग्नचिठ्ठी आली म्हणून तिनं तो न उघडताच देव्हाऱ्यात ठेवला, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. संध्याकाळी भास्कररावांनी उघडला. आत काय? काळा फराटा आणि काळे शिंतोडे. मंगलाच्या कागदावर काळं! आजीनं किंकाळी फोडली. कुणीतरी पोरीच्या लग्नावर करणी केली, तेही देव्हाऱ्यात आणून ठेवली.

दोघं तो कागद घेऊन आपल्या मागच्या अंगणात आले तेव्हा तू पाट्यावर काजळी घोटत होतीस. मी दारात उभा होतो. भास्कररावांनी कागद तुझ्यासमोर धरला. "बाई, हे तुमच्या वर्गातून आलंय. कुणी केलं हे? आमच्या पोरीचं नाव खराब करायचं हाय का कुणाला?"

आत्या, मी तयार होतो. मी म्हणणार होतो, व्हय, मी दिला. काळं नाही ते, नदी आहे. आणि तुम्हाला लग्नाची चिठ्ठी वाटली असेल तर लग्नाचीच समजा. मी एक पाऊल पुढे टाकलं, तोंड उघडलं, आणि तू माझ्या आधी बोललीस.

"भास्करराव, बसा की. हा तर नवशिक्यांचा पाठ हाय. हळदीवर चुना. सगळ्या पोरांना दिलाय मी."

आणि उठून एक पिवळा कागद आणलास. गिरजाआजीकडं तिचीच चुन्याची डबी मागितलीस, बोटाला चुना लावून कोपऱ्याला टेकवलास. लाल झाला. आजीनं डोळे मोठे केले. मग स्वतःचं बोट टेकवून बघितलं. मग परत एकदा. म्हातारी खुदकन हसली. भास्कररावांनी कपाळाचा घाम पुसला, तुझा चहा प्यायले आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, तुमच्या आत्याचं डोकं मोठं हाय, बराबर शिकून घ्या. माझ्या पाठीवर!

पुढच्या रविवारी तर तू हद्दच केलीस. सगळ्या पोरांना हळदीचा कागद दिलास. वर काहीही काढा, पण चार कोपरे लाल करायचेच, आणि चित्र घरी नेऊन भिंतीला लावायचं. दोन दिवसांत आळीतल्या दर घरात पिवळा कागद, लाल कोपरे. कुणाची कोंबडी, कुणाचा ट्रक, कुणाचा मारुती. माझी कयाधू त्यात बुडून गेली. मी शालूला आयुष्यात एक गोष्ट दिली होती आणि तू तिचा गृहपाठ केलास.

मी तुला तोंडावर विचारलं होतं, खोटं काहून बोललीस. तू ब्रश धूत होतीस. वर न बघता म्हणालीस, "वल्या कागदावर दुसरा हात मारू न्हाई, दिगू. फाटतो." त्या वाक्यानंतर मी तुझ्याशी बोललो नाही. मला वाटलं, हिला माझ्यापेक्षा लोकांची भीती. मला वाटलं, भावाच्या घरी राहायची सवय लागलीय हिला, सगळ्यांना सांभाळून घ्यायची, आणि त्यात मी गेलो भरडला.

आणि आज शालू म्हणते की तसं बोलायला तिनंच तुला सांगितलं होतं!

हापशाजवळ उभी राहून, पदराचं टोक पिळत, पण आवाज स्वच्छ. त्या संध्याकाळी आजीची किंकाळी ऐकली आणि ती मागच्या बोळातून वडिलांच्या आधी तुझ्याकडे धावत आली. तुला म्हणाली, पाठ आहे म्हणा. मी तेव्हा अजून बाजारातून आलो नव्हतो, मला पत्ता नाही.

मी म्हणालो, "काहून? मी एवढा वाईट वाटलो तुला?"

"मला कागद आवडला होता," ती म्हणाली. "पण मला कुणी इचारलं होतं का? वहीत ठेवला अन् झालं. लग्नाचं म्हणलं असतं तर आमच्या बाबांनी त्याच आठवड्यात कुठंतरी देऊन टाकली असती मला. तुमाला तर न्हाईच दिली असती. कालेज सोडलेलं पोरगं. अन् माझी परीक्षा?"

मग म्हणाली, मी आत्यांना म्हणाले की त्यांना सांगू नका, ते लगेच येऊन आमच्या दारात उभे राहतील. त्यावर तू काय म्हणालीस तेही तिनं सांगितलं.

"तो चिडंल. चिडू दे. माझ्यावर चिडायची सवय हाय त्याला."

सवय आहे! आत्या, तू हे असं ठरवून टाकलंस? उन्हाळ्यापासून मी तुझ्याकडे पाठ करून बसत होतो, तू चहा आणून ठेवत होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस. एकदा तरी म्हणायचं, दिगू, हे माझं नाही. मी दारात जाऊन उभा राहिलो असतो, हे खरं आहे. शालू बरोबर ओळखते मला. तूही ओळखत होतीस. पण मला न सांगण्याचा हक्क तुला कुणी दिला? तिनं मागितला, तू दिलास, आणि मी? मी तेवढा राग वाया घालवला. तुझ्यावर घातला. तुझे शेवटचे महिने मी माझ्या त्या फुगलेल्या तोंडानं भरून टाकले, आणि ते तू मला करू दिलंस. याचा मला इतका राग येतो की समोर असतीस तर गळ्यात पडून रडलो असतो आणि वर भांडलोही असतो.

तर आता खरी अडचण ऐक. भास्कररावांनी शालूला सांगितलंय, वर्ग चालू आहे तोवर परीक्षेपर्यंत जा. बाईंकडे जातेस म्हणून कुणी नाव ठेवत नाही. वर्ग बंद झाला तर साखरा गावचं स्थळ आलंय, बघायला बोलावतो. चित्रकलेची इंटरमिजिएट पास झाली की तिला ड्रॉइंग टीचरच्या कोर्सला जायचंय, हे तुला माहीतच आहे. तू गेलीस, वर्ग गेला. साखऱ्याचे पाहुणे येत्या रविवारीच यायचे म्हणतात.

मी लगेच म्हणालो, वर्ग मी चालवतो. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "तुझ्याकडं कोण पोरी धाडंल रे? तुझे केस बघ अन् तुझा आवाज बघ."

आणि अण्णा! तुझे बंधू! त्यांनी खोली एका ग्रामसेवकाला भाड्यानं द्यायचं बोलूनही ठेवलंय. दुपारी मी त्यांच्यासमोर गेलो. दोघांचेही आवाज चढले. ते म्हणाले, वीस वर्षं घरात काळे हात बघितले, आता पुरे. मी म्हणालो, त्या काळ्या हातांनीच तुमचं घर सारवलं, तुमची पोरं खेळवली, तुम्हाला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी बसले ते हेच काळे हात. अण्णा चष्मा काढून पुसत बसले. बराच वेळ. मला वाटतं त्यांनाही तुझ्याशी काहीतरी बोलायचं राहून गेलंय.

तेव्हा आईनं तोंड उघडलं. म्हणाली, शालूच शिकवू दे की धाकट्यांना. तिला सगळं येतं. मी बसते दारात तांदूळ निवडत. घरात बाईमाणूस आहे म्हटल्यावर कोण काय बोलणार? गिरजाआजीला मी सांगते, तीही येऊन बसंल, तिला आपला चुना लावायला मिळाला की झालं. आईला हे सुचलं, आत्या! तुझ्या वर्गाला जिनं जन्मभर पसारा म्हटलं त्या माझ्या आईला.

अण्णांनी चष्मा घातला. ग्रामसेवकाचं मी बघतो म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "पण हा त्या खोलीत दिसायचा न्हाई. रविवारी वर्ग चालू असताना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, तर त्याच दिवशी कुलूप."

मी भडकलो. कुणाच्या घरात मला बंदी? खोली झाडतो मी, शाई घोटतो मी, कुठली दौत गळते ते माहीत मला! तोंडाशी आलेलं सगळं बोलणारच होतो. पण दाराशी शालू परत येऊन उभी राहिली होती. तिनं मला काही खुणावलं नाही, नुसती अण्णांच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी. मी गिळलं. कसं गिळलं ते माझं मला ठाऊक. बरं म्हणालो, आणि बाहेर आलो.

आई संध्याकाळी भास्कररावांकडे जाऊन आली. ते कबूल झालेत, परीक्षेपर्यंत. साखऱ्याला तसा निरोप जाणार आहे.

तर आता माझा शब्द घे. दर शनिवारी शाईसाठी हिरडे मी फोडीन, काजळी मी धरीन, शाई गाळून दौती भरून उंबऱ्यावर ठेवीन आणि रविवारी वर्ग सुटेपर्यंत त्या खोलीकडे फिरकणार नाही. डोंगरकड्याची पाटी अर्धी राहिलीय, ती पुरी करायला जाईन. शालूला चिठ्ठी, चित्र, निरोप, काही नाही. कुणी तिच्यावरून मला टोमणा मारला तरी हात उचलणार नाही. हे सगळ्यात अवघड आहे, पण लिहून देतो. तिची परीक्षा झाली की मी तिला विचारीन. तिच्या बापाला नंतर, अण्णांना त्याच्याही नंतर. आधी तिला, समोर उभं राहून, सरळ शब्दांत. आज मी म्हणालो होतो, मग तेव्हा काय म्हणशील? ती म्हणाली, ते तेव्हा सांगेन, आत्ता न्हाई. म्हणजे नाही म्हणू शकते. म्हणाली, तर मी तिच्या दारात उभा राहणार नाही.

पण त्या दिवशी मी घरी येईन तेव्हा मागच्या खोलीत तू नसशील. हो आलं तरी सांगायला नाही, नाही आलं तरी भांडायला नाही. याची माफी मात्र माझ्याकडे मागू नकोस, आत्या. ती मी देणार नाही.

तुझ्यावर अजून चिडलेला,
तुझा दिगू